शाळेच्या पत्त्यावर पाठविलेले पत्र गेले कोठे?





गेल्या जून महिन्यात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन कार्यालयात आला. मुलगा बारावी उत्तीर्ण झालेला, अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा अर्ज महाराष्ट्रात भरत होता. आपल्या सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिक मुलांसाठी महाराष्ट्रातील अशा अभ्यासक्रमांत काही जागा असतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. त्या जागांसाठी मातृभाषा मराठी असल्याचा आणि शिक्षण सीमाभागातील संस्थेत झाल्याचा दाखला संस्थाप्रमुखांच्या सहीने लागतो. त्या दाखल्यासाठी त्याने आठ दिवसांत तीन वेळा शाळेच्या ई-मेल पत्त्यावर अर्ज पाठविला होता. एकाचेही उत्तर गेले नव्हते. कागदपत्रांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

मी संगणकावर पाहिले. त्याचे एकही पत्र नव्हते. मी सहज म्हणून गेलो, "अरे, तू पाठविलेच नसशील. पत्ता चुकला असेल." मुलाने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "तीनदा पाठवलोय की ओ सर." पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर होता. तारखा बरोबर होत्या. त्याचे वडील काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहत राहिले. दाखला मी त्याच वेळी लिहून दिला आणि कागदपत्रे वेळेत पोहोचली. परंतु ज्या मुलाने आपले काम चोख केले होते, त्यालाच मी खोटे ठरविले, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

म्हणून आमच्या संगणक शिक्षकांना सोबत घेऊन मी या प्रकरणाचा छडा लावायचे ठरविले. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. संगणक मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो. त्यामुळे जे मला समजले, ते कोणालाही समजेल अशा भाषेत लिहिता येईल, असे वाटते. आपल्यापैकी अनेकांची दुकाने, पतसंस्था, मंडळे, तरुण मुलांचे नवे उद्योग यांनीही स्वतःच्या नावाचे ई-मेल पत्ते घेतलेले आहेत. त्यांनाही या माहितीचा उपयोग व्हावा.

आपला पत्ता आणि आपली पेटी

शाळेचा ई-मेल पत्ता दोन भागांचा असतो. मधल्या गोल खुणेच्या आधी 'कार्यालय' किंवा 'मुख्याध्यापक' असे नाव असते आणि खुणेनंतर शाळेचे स्वतःचे नाव असते. ही खूण पत्त्यात प्रथम वापरली ती रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने, १९७१ साली. खुणेनंतरच्या नावाला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही. दर वर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरून ते आपल्या नावावर चालू ठेवावे लागते.

बऱ्याच लहान संस्थांप्रमाणे आम्हीही डोमेन घेतले, पण त्यासोबत मेलपेटी घेतली नाही. पेटी होती फुकटची, दुसऱ्याच सेवेची. शाळेच्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र त्या फुकटच्या पेटीकडे वळवावे, एवढीच सोय करून ठेवली होती. याला फॉरवर्डिंग म्हणतात. सरकारी हिंदीत 'अग्रेषण' म्हणतात, आपण साध्या मराठीत 'पुढे पाठविणे' म्हणू.

पोस्टातही अशी सोय आहेच. घर बदलले की पोस्टात अर्ज द्यायचा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे नव्या पत्त्यावर वळविली जातात. आमची शाळाही तसेच करीत होती. फरक एवढाच की पोस्टातला माणूस आपल्याला ओळखतो आणि ई-मेल वळविणारे यंत्र कोणालाच ओळखत नाही.

पिनकोडचे उदाहरण

पत्र योग्य गावी कसे जाते, हे आधी पाहू. भारतात पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातील केळशीचे, टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिपीत लिहिलेले पत्ते, वाचता न येणारे अक्षर, या सर्वांवर त्यांनी सहा अंकांचा उपाय केला. पहिला अंक मोठा विभाग सांगतो. कागलचा पिनकोड ४१६२१६ आणि निपाणीचा ५९१२३७. महामार्गावरून अर्ध्या तासात गाडी पोहोचते, पण पहिला अंक चाराचा पाच होतो. माणसाला अंतर दिसते, टपालाला अंक दिसतो.

ई-मेलच्या जगात पिनकोडचे काम एका नोंदीकडे असते. डोमेनचे नाव आणि त्यामागचा यंत्राचा पत्ता यांची जोडणी करणारी पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. ती आजही चालू आहे. प्रत्येक डोमेनची एक जाहीर नोंदवही असते. त्यात 'आमची पत्रे अमुक यंत्राकडे द्या' अशी एक ओळ असते. तिला एमएक्स नोंद म्हणतात. तिच्यापुढे एक अंक असतो. जिचा अंक लहान, त्या यंत्राकडे पत्र आधी जाते. ही ओळ चुकली की सगळ्या जगातून येणारी पत्रे चुकीच्या दारात जाऊन पडतात.

अविश्वास कोठून आला?

मग आमची एमएक्स नोंद चुकली होती का? नाही. ती बरोबर होती. दोष दुसरीकडे होता आणि तो समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

ई-मेल पोहोचविण्याचे मूळ नियम १९८२ सालचे आहेत. त्या वेळी जोडलेली यंत्रे थोडी होती, बहुतेक विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची. आपल्याकडेही १९८०च्या दशकात मुंबईत जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था आणि पवईची आयआयटी यांसारख्या मोजक्या ठिकाणीच ही सोय होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. मोजकी माणसे एकमेकांना ओळखत असल्याने पाठविणारा खरा कोण, हे तपासण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती. कोणीही कोणाचेही नाव घालून पत्र पाठवू शकत असे.

पुढे त्याचा गैरफायदा घेतला गेला. बँकेच्या नावाने खोटी पत्रे, बक्षिसाची आमिषे, नोकरीची फसवणूक. त्यामुळे पत्र घेणाऱ्या सेवांनी दारावर पहारा बसविला. हा पहारा तीन गोष्टी पाहतो. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे पाहून घाबरू नका. शाळेचेच उदाहरण घेऊ.

पहिली गोष्ट एसपीएफ. समजा, आपल्या शाळेने जाहीर केले की आमची पत्रे फक्त अमुक दोन शिपाई आणतील. ही यादी सर्वांना पाहता येते. तिसराच माणूस आमच्या नावाचे पत्र घेऊन आला, तर दारावरचा पहारेकरी त्याच्याकडे संशयाने पाहील.

दुसरी डीकेआयएम. दाखल्यावर शाळेचा गोल शिक्का आणि सही असते, तशी ही पत्रावरची अदृश्य मोहोर आहे. पत्र कोणीही आणो, मोहोर शाबूत असेल तर पत्र खरे. मात्र वाटेत कोणी मजकुरात एक ओळ जरी वाढविली, तरी ही मोहोर तुटते.

तिसरी डीमार्क. ही पाठविणाऱ्या संस्थेने दिलेली कायम सूचना असते. आणणारा यादीतला नाही आणि पत्रावर मोहोरही नाही, असे झाल्यास काय करावे? घ्यावे, बाजूला ठेवावे की परत पाठवावे? संस्था जे सांगेल त्याप्रमाणे पहारेकरी वागण्याचा प्रयत्न करतो.

पुढे पाठविताना नेमके काय बिघडते?

आता आमच्या विद्यार्थ्याचे पत्र पाहा. त्याने ते स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठविले नव्हते, त्याच्या कॉलेजने दिलेल्या पत्त्यावरून पाठविले होते. कॉलेजने आपल्या शिपायांची यादी जाहीर केलेली होती. मोहोर मात्र लावण्याची व्यवस्था केलेली नव्हती. आणि कायम सूचना सर्वांत कडक होती: शंका आली तर परत पाठवा.

पत्र कॉलेजकडून निघाले आणि आमच्या डोमेनच्या यंत्राकडे पोहोचले. येथपर्यंत ते कॉलेजच्या शिपायानेच आणले होते. तेथून आमच्या यंत्राने ते उचलले आणि फुकटच्या पेटीकडे नेले. म्हणजे दुसऱ्या दारावर कॉलेजचे पत्र घेऊन आमचा शिपाई उभा! पहारेकऱ्याने कॉलेजची यादी पाहिली. आमचा शिपाई त्यात नव्हता. मोहोर शोधली. ती नव्हतीच. कायम सूचना वाचली आणि पत्र परत फिरविले. पहारेकऱ्याचे काही चुकले नाही. विद्यार्थ्याचेही नाही. आम्ही दुसऱ्याच्या हाताने पत्र मागवीत होतो आणि त्या हाताला ओळखपत्र नव्हते.

मग हेच पूर्वी कसे चालत होते? कारण पूर्वी पहारा एवढा कडक नव्हता. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या मोठ्या सेवांनी सर्व पाठविणाऱ्यांना यादी किंवा मोहोर यांपैकी एक तरी असणे आवश्यक केले. जीमेलच्या पेट्यांकडे दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तर तिन्ही गोष्टी लागू झाल्या. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली सोय एखाद्या दिवशी बंद पडते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते.

यावर एक उपाय असा सांगितला जातो की पुढे पाठविणाऱ्या यंत्राने बाहेरच्या पाकिटावर स्वतःचा परतीचा पत्ता घालावा. चांगल्या सेवा तसे करतातही. त्यामुळे यादीची परीक्षा त्या यंत्राच्या नावाने उत्तीर्ण होते. पण डीमार्क हा आतल्या पत्राच्या शीर्षकावरील नाव आणि पाकिटावरचे नाव जुळते का, हेही पाहतो. तेथे कॉलेजचे नाव आणि आमचे नाव जुळत नाही. म्हणून अशा वेळी पत्राला वाचविणारी गोष्ट बहुधा एकच असते, न तुटलेली मोहोर. ती मूळ पाठविणाऱ्यानेच लावायची असते. आपल्या हातात ती नसते.

आमची चाचणी कशी फसली?

खरे म्हणजे दोष लवकर सापडायला हवा होता. आमच्याच चाचणीने आम्हाला दोन दिवस फिरविले.

पहिल्या दिवशी आम्ही कार्यालयाच्या फुकटच्या पेटीतूनच शाळेच्या पत्त्यावर पत्र पाठविले. ते फिरून त्याच पेटीत यायला हवे होते. आले नाही. आम्ही म्हटले, सगळेच बंद आहे. पण तसे नव्हते. जीमेलसह काही सेवा, आपण स्वतःच पाठविलेले पत्र फिरून आपल्याकडेच आले, तर त्याची दुसरी प्रत आवक पेटीत दाखवीत नाहीत. 'हे पत्र तुमच्याकडे आहेच' असे समजून गप्प बसतात. ज्या पेटीत पत्र यायचे, त्याच पेटीतून चाचणी करू नये, हा आम्ही शिकलेला पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेच्या खासगी पत्त्यावरून पत्र पाठविले. ते दोन मिनिटांत आले. आम्ही म्हटले, सगळे ठीक आहे. हाही निष्कर्ष चुकीचा होता. त्यांच्या सेवेने पत्रावर मोहोर लावली होती, म्हणून ते आले. एक पत्र पोहोचले याचा अर्थ सगळी पोहोचतात असा होत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन-चार पत्त्यांवरून, त्यात एखाद्या संस्थेचा किंवा कंपनीचा पत्ता घेऊन, चाचणी करावी, हा दुसरा धडा.

खरा उलगडा विद्यार्थ्याच्याच फोनवर झाला. त्याच्या स्पॅमच्या कप्प्यात इंग्रजी मजकुराचे तीन निरोप पडले होते. जाहिरात समजून त्याने ते उघडले नव्हते. प्रत्येकात ५५० हा अंक होता आणि त्यापुढे ५.७ ने सुरू होणारा दुसरा अंक. त्याचा अर्थ, पाठविणाऱ्याची ओळख न पटल्याने पत्र नाकारले. उत्तर तेथेच लिहिलेले होते. वाचायचे कोणालाच सुचले नाही.

पत्र येत नसेल तर कोणत्या क्रमाने पाहावे?

आम्ही शोधलेला क्रम येथे देत आहे. तो वहीत उतरवून ठेवावा.

१. पत्ता नीट वाचा. आपल्याकडे यात विशेष घोटाळा होतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्याआधी घेतलेल्या डोमेनमध्ये जुने स्पेलिंग असते आणि लिहिणारा सवयीने नवे लिहितो. निपाणीचेही कोणी एका 'पी' ने, कोणी दोन 'पीं'नी लिहितात. शेवटी 'इन' आहे की 'कॉम' की 'ऑर्ग', हेही पाहावे.

२. डोमेनची मुदत तपासा. मुदत संपली की संकेतस्थळ आणि ई-मेल दोन्ही बंद पडतात.

३. एमएक्स नोंद पाहा. संकेतस्थळ एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेले, की ही ओळ पुष्कळदा जुन्या कंपनीच्याच नावावर राहते. बदल केल्यावर तो सगळीकडे पोहोचायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. तेवढा धीर धरावा आणि मध्येच पुन्हा बदल करू नये.

४. पुढे पाठविण्याचा नियम चालू आहे का, ते पाहा. पुष्कळ सेवा नव्या पत्त्यावर आधी एक खात्रीचे पत्र पाठवितात. त्यातील दुवा उघडून होकार दिल्याशिवाय नियम लागू होत नाही. ते खात्रीचे पत्रच स्पॅममध्ये जाऊन बसलेले असते.

५. स्पॅमचा कप्पा उघडा. आम्ही उघडला तेव्हा त्यात पालकांची दोन पत्रे आणि वाचनालयाला पुस्तके देऊ इच्छिणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र सापडले. त्यांची क्षमा मागून आम्ही उत्तरे पाठविली आहेत.

६. पेटी भरली आहे का, ते पाहा. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती पत्रे, छायाचित्रे व फायली यांच्यात वाटलेली असते. स्नेहसंमेलनाची चित्रफीत तेथे ठेवली, की पत्रांना जागा उरत नाही.

७. परत आलेला निरोप वाचा. चाराने सुरू होणारा अंक म्हणजे तात्पुरती अडचण. पाठविणारे यंत्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, सहसा चार-पाच दिवस. पाचाने सुरू होणारा अंक म्हणजे स्पष्ट नकार. ५.१.१ असेल तर असा पत्ताच नाही, ५.२.२ असेल तर पेटी भरली आहे, आणि ५.७ ने सुरू होत असेल तर ओळख किंवा परवानगीचा प्रश्न आहे.

८. फेरा पडला नाही ना, ते पाहा. अ ने ब कडे पाठवावे आणि ब ने पुन्हा अ कडे, असा नियम कोणीतरी नकळत लावून ठेवतो. पत्र गोल गोल फिरते आणि शेवटी यंत्र ते टाकून देते.

९. कोणत्याही नावाने आलेले पत्र घेण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. कार्यालय, मुख्याध्यापक, परीक्षा एवढेच पत्ते ठेवावेत. नाहीतर जगभरचा कचरा आपल्या नावाने पुढे जातो, आणि पुढची सेवा कचरा पाठविणारे म्हणून आपल्यालाच ओळखू लागते. मग खऱ्या पत्रांवरही संशय येतो.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग संगणक कक्षात शिक्षकांसमोर करावा. जीमेलमध्ये एखादे पत्र उघडावे, कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर टिचकी द्यावी आणि मूळ संदेश दाखविणारा पर्याय निवडावा. वर एक तक्ता दिसेल. त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्यापुढे उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, ते लिहिलेले असते.

त्याखालच्या मजकुरात पत्र मिळाल्याच्या ओळी आहेत. त्या खालून वर वाचायच्या. जुन्या पाकिटावर वाटेतल्या प्रत्येक टपाल कार्यालयाचा शिक्का असे, तशी ही प्रत्येक ओळ एकेका यंत्राचा शिक्का आहे, वेळेसह. पत्र कोठे किती सेकंद थांबले, हे वजाबाकी करून काढता येते. थेट आलेल्या पत्राच्या आणि पुढे पाठविलेल्या पत्राच्या ओळी मोजून पाहा. फरक का पडला, ते चार ओळींत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.

विश्वस्तांसाठी: किल्ली कोणाकडे?

या शोधात आणखी एक गोष्ट उघडकीस आली आणि ती मी लपवू इच्छित नाही. शाळेचे डोमेन शाळेच्या नावावर नव्हते. काही वर्षांपूर्वी एका उत्साही माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरून ते घेतले होते. त्याचे आपल्यावर उपकारच आहेत. तो आता नोकरीनिमित्त दूर आहे. परवलीचा शब्द फक्त त्याच्याकडे होता आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या, न उघडल्या जाणाऱ्या पेटीत जात होत्या. मुदत संपायला अडीच महिने उरले होते. त्याने एका फोनवर सर्व काही शाळेच्या स्वाधीन केले. तो सापडला नसता तर शाळेचे नाव दुसऱ्या कोणाच्या हाती गेले असते.

येथे आणखी एक खाच आहे. मुदतीच्या सूचना शाळेच्याच पत्त्यावर मागवू नयेत. डोमेन बंद पडले की त्या सूचनाही येणे बंद होते. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यासारखे ते आहे.

ट्रस्टची जमीन, इमारत, बँकेचे खाते यांची कागदपत्रे आपण तिजोरीत ठेवतो. डोमेन हीसुद्धा संस्थेची मालमत्ता आहे. तिची नोंद त्याच फायलीत असली पाहिजे.

आम्ही काय केले?

एक, कार्यालय आणि मुख्याध्यापक या दोन पत्त्यांसाठी डोमेनवरच खऱ्या मेलपेट्या घेतल्या. आता पत्र दुसऱ्या दारावर न्यावेच लागत नाही. आपल्या दारात येते आणि तेथेच थांबते. विश्वस्त मंडळाने या वार्षिक खर्चास मंजुरी दिली, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

दोन, शाळेच्या डोमेनसाठी यादी आणि मोहोर दोन्ही लावल्या. त्यामुळे शाळेकडून जाणारी पत्रेही इतरांच्या दारात अडणार नाहीत. डीमार्कची सूचना सुरुवातीला सौम्य ठेवली आहे. काही महिने अहवाल पाहून ती कडक करू.

तीन, डोमेन संस्थेच्या नावावर केले. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात सचिवांकडे आहेत. मुदतीची तारीख कार्यालयाच्या दिनदर्शिकेवर आणि सूचना दोन वेगळ्या पत्त्यांवर.

चार, कागदी पत्रांसाठी जशी आवक-जावक नोंदवही आहे, तशी ई-मेलसाठीही सुरू केली. प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक अर्जदाराला उत्तरात कळविला जातो. दर सोमवारी बाहेरच्या पत्त्यावरून एक चाचणी पत्र पाठविले जाते. दहावीचे विद्यार्थी हे काम आळीपाळीने करतात.

शेवटची विनंती

न आलेले पत्र टेबलावर पडत नाही, घंटा वाजवीत नाही, तक्रारही करीत नाही. आपली पेटी रिकामी दिसली, याचा अर्थ कोणी लिहिले नाही असा होत नाही. पाठविणारा वाट पाहत असतो आणि आपण निश्चिंत असतो. त्याचे मात्र वर्ष वाया जाऊ शकते.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. शाळेला ई-मेल पाठविल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत आवक क्रमांक आला नाही, तर पुन्हा पुन्हा ई-मेल करीत बसू नका. सरळ कार्यालयात फोन करा किंवा या. आपला स्पॅमचा कप्पाही एकदा पाहा. दाखल्याची मुदत जवळ असेल तर फोन आधी, ई-मेल नंतर.

आणि त्या विद्यार्थ्याला, जो आता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकत आहे, या अंकाची प्रत मी स्वतः पाठवीत आहे. बाळा, तू तीनदा पाठविले होतेस. चूक आमची होती.

आपला,
मुख्याध्यापक